मोड, भंगार आणि संग्रह : मराठी प्रदेशातील जुन्या वस्तूंचा व्यवहार

व्यापाराचा इतिहास लिहिताना आजवर लक्ष दिले गेले ते मुख्यतः नव्या मालाकडे. कापूस कोठे पिकला, कापड कोठे विणले गेले, तांबे कोणत्या बंदरात उतरले, त्यावर जकात किती बसली, यांविषयीची साधने दप्तरांत विपुल सापडतात आणि त्यांच्या आधारे ग्रंथही झाले आहेत. परंतु वस्तू एकदा गिऱ्हाइकाच्या घरात गेली म्हणजे ती इतिहासकाराच्या दृष्टीआड होते. वस्तुतः तिचे आयुष्य तेथून सुरू होते. ती झिजते, तिला डाग द्यावा लागतो, ती वाटणीत जाते, गहाण पडते, अडचणीच्या दिवशी विकली जाते आणि पुढे एखाद्या परक्या घरात निराळ्याच कामासाठी नांदू लागते. या दुसऱ्या आयुष्याची पावती कोणी करीत नाही, म्हणून त्याचे कागदही उरत नाहीत. त्याची नोंद राहिली आहे ती भाषेत. आणि ती नोंद वाटते त्याहून बरीच तपशीलवार आहे.

त्या शब्दांपैकी पहिला विचार 'मोड' या स्त्रीलिंगी शब्दाचा केला पाहिजे. 'मोडणे' या क्रियापदापासून तो झालेला आहे हे उघडच आहे. निकामी झालेल्या भांड्याचा वा दागिन्याचा धातू म्हणजे मोड. तो ज्या दराने विकत घेतला जातो तो मोडीचा भाव. आणि वस्तू अशा रीतीने काढून टाकणे म्हणजे ती मोडीत घालणे. याच शब्दाचा दुसरा अर्थ सुटे नाणे असा आहे. मोठे नाणे मोडून लहान नाणी घेतात तीही मोडच. 'योजना मोडीत काढली' हा आजच्या वृत्तपत्रांतील प्रयोग तांबटाच्या दुकानातूनच सभागृहात आलेला आहे.

येथे एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. मोडीत जाणारे भांडे मोडलेलेच असते असे नाही. सुस्थितीतील घंगाळ, ज्याच्या कड्याही हललेल्या नाहीत असे, दुकानात नेले तरी ते मोडीतच जाते. म्हणजे हातोडा पडण्यापूर्वीच शब्दाने ते मोडलेले असते. त्याचा घाट, ते ठोकणाऱ्या कारागिराचे श्रम, ते किती जुने आहे ही गोष्ट, यांपैकी कशालाही या व्यवहारात किंमत नाही; किंमत आहे ती तराजूत उतरणाऱ्या वजनाला, आणि त्यातूनही घट वजा जाता उरेल तेवढ्याला. 'जुने ते सोने' ही म्हण मराठीत सर्वतोमुखी असली तरी बाजाराने ती कधी मानली नाही. बाजाराच्या लेखी जुने ते पितळ, आणि तेही मोडीच्या भावाचे.

असे का व्हावे, याचे केवळ आर्थिक उत्तर अपुरे पडते. धर्मशास्त्रातील द्रव्यशुद्धीचे प्रकरण या संदर्भात पाहण्याजोगे आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात कोणते द्रव्य कशाने शुद्ध होते याची चर्चा आहे. तांबे, पितळ, कासे, कथील इत्यादी धातू क्षार, आम्ल आणि पाणी यांनी शुद्ध होतात. मातीचे भांडे पुन्हा भाजावे लागते. राख, चिंच आणि पाणी यांनी भांडी घासण्याची घरोघरची रीत याच व्यवस्थेशी जुळणारी आहे. तात्पर्य असे की, धातूला पूर्वीच्या मालकाचा स्पर्श चिकटून राहत नाही, किंवा चिकटला तरी तो घालविता येतो. मातीला व कापडाला मात्र तो चिकटतो. यामुळे परक्याचे पितळ घरात घेण्यास कोणाची हरकत नसे, परंतु परक्याचे मडके घेण्याची कल्पनाही करवत नसे. मूस ही तर शुद्धीची परमावधी होय. धातू वितळला की त्याला पूर्वेतिहास उरत नाही. मोडीचा व्यवहार इतक्या निर्वेधपणे चालला याचे कारण त्याने वस्तूंचा इतिहास पुसून टाकला हेच होय. आणि नेमके तेच आज संशोधकाला नडते.

हा व्यवहार किती जुना असला तरी त्याचा सर्वांत मोठा हंगाम अगदी अलीकडचा आहे. स्वातंत्र्योत्तर काळात, विशेषतः १९६० नंतरच्या दोन-तीन दशकांत, स्टेनलेस स्टीलची भांडी मध्यमवर्गीय स्वयंपाकघरांत आली. त्यांना कल्हई लागत नाही, आंबट पदार्थ त्यांत कळकत नाही. कथील आणि नवसागर घेऊन दारोदार फिरणारा कल्हईवाला दिसेनासा झाला आणि त्याच्यामागोमाग तपेली, पातेली, गंज, परात, घागर, बंब ही सारी प्रजा फळीवरून उतरली. पिढ्यान्‌पिढ्या साठलेले तांबे-पितळ देऊन त्याच्या बदल्यात चकचकीत नवे डबे आणले गेले. यात गृहिणींना दोष देण्याचे कारण नाही. कल्हई न केलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले तर काय होते हे त्यांना ग्रंथकारांपेक्षा अधिक ठाऊक होते. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत हातोड्याच्या ठोक्यांनी भांड्यावर उमटविल्या जाणाऱ्या मठारकामाला पुढे शोभेच्या वस्तूंची नवी मागणी मिळाली, तोपर्यंत त्या कामाचे असंख्य जुने नमुने मुशीत गेले होते.

'भंगार' हा दुसरा शब्द. आज त्याचा अर्थ निरुपयोगी मोडकेतोडके सामान, विशेषतः लोखंड, असा आहे. बोलीत तर कोणत्याही टाकाऊ गोष्टीला, अगदी वाईट चित्रपटालाही, तो विशेषण म्हणून लागतो. ज्ञानेश्वरीच्या वाचकाला मात्र याच्याशी उच्चाराने अगदी जवळचा असा दुसरा शब्द परिचित असतो. तो म्हणजे 'भांगार', आणि त्याचा अर्थ सोने. मराठीतून हा शब्द लुप्त झाला; कोंकणीत तो जिवंत आहे, आणि गोव्यातील सोनाराच्या दुकानी भांगार मागितले तर सोनेच मिळते. संस्कृत 'भृङ्गार' म्हणजे सुवर्णकलश, आणि त्यावरून सोने, हे त्याचे मूळ. टाकाऊ अर्थाच्या 'भंगार'चा संबंध 'भङ्ग' म्हणजे मोडणे याच्याशी जोडला जातो. म्हणजे हे शब्द एकाच्या अर्थाची घसरण होऊन झालेले नाहीत. दोन निरनिराळ्या मुळांचे शब्द ध्वनीने जवळ आले एवढेच. एकाचे मूळ घडविलेल्या पात्रात आहे आणि दुसऱ्याचे मोडण्याच्या क्रियेत आहे. हा खुलासा येथे करण्याचे कारण असे की, जुन्या वस्तूंविषयी हौसेने लिहिणाऱ्यांच्या हाती असे ध्वनिसाम्य सापडले की ते त्यावर मोठी इमारत उभारतात.

कापडाची गोष्ट धातूहून वेगळी. वापरलेले कापड वितळविता येत नाही. ते एक तर घरातच जिरवावे लागते किंवा पूर्णपणे परक्या हातात द्यावे लागते. घरात जिरविण्याची रीत म्हणजे गोधडी. जुनी लुगडी व धोतरे एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवलेल्या या वाकळीत कुटुंबातील दोन-तीन पिढ्यांचे कापड एकत्र येते. मऊपणासाठी आतील थर जुना असणेच इष्ट. म्हणून गोधडीच्या बाबतीत झीज हा दोष नसून गुण ठरतो. जुनेपणाला प्रत्यक्ष उपयोगातच मोल देणारी अशी दुसरी वस्तू घरात क्वचितच सापडेल.

परक्या हाती देण्याची रीत म्हणजे बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दुपारच्या वेळी आळीत येणारी ही बाई जुने कपडे घेते आणि भांडी देते. पैशाचा संबंध नाही. रोख व्यवहार सर्वत्र रूढ झाल्यानंतरही शहराच्या मध्यभागी वस्तुविनिमयाची ही पद्धत टिकून राहिली, ही आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावे अशी गोष्ट आहे. या विनिमयाला ठरलेला दर नाही. बोहारीण साडी उजेडासमोर धरून विरली आहे का पाहते, जर नखाने खरवडून पाहते, डब्यावरील हात काढून घेते. गृहिणी आणखी एक सदरा टाकते. पाटी उचलली जाते, पुन्हा उतरते. या घासाघिशीत दोन्ही पक्षांना मालाची जी पारख असते ती कोणत्याही लिलावगृहातील तज्ज्ञाला लाजविणारी आहे. परंतु ही पारख वस्त्राच्या उरलेल्या टिकाऊपणाची आहे, त्याच्या विणीची किंवा काठाच्या नक्षीची नव्हे. जुन्या पैठण्यांचे झाले ते यामुळेच. त्यांची जर सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या तारेची असे. वस्त्र फाटले की ते जाळून ही धातू काढून घेत. म्हणजे कापडालाही अखेर मोडीचाच नियम लागू झाला. पदरावरील मोर आणि आसावली त्या भट्टीत गेल्या, आणि आज त्याच नक्षीचा शोध घेणाऱ्यांना मोजक्या संग्रहांतील नमुन्यांवर विसंबावे लागते.

कागदाच्या बाबतीत या प्रकाराला विशेष करुण स्वरूप आले. 'रद्दी' हा शब्द फारसीतून आलेला, मूळ अरबी 'रद्द', म्हणजे परतविणे, नाकारणे. रद्दी म्हणजे ज्याला कोणी नाकारले ते. जुन्या घराण्यांतील दप्तरे नाकारली गेली याचे एक कारण लिपीत आहे. मोडी वाचणारी पिढी गेली, विसाव्या शतकाच्या मध्यास शालेय शिक्षणातूनही मोडी गेली, आणि नातवाला आजोबांचे पत्र हे निव्वळ पिवळा कागद वाटू लागले. मोडी लिपीचे नावही 'मोडणे' या धातूशीच जोडले जाते, हा योगायोग मन विषण्ण करणारा आहे. १८७८ साली 'काव्येतिहाससंग्रह' सुरू झाला आणि १८९८ साली वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. त्यानंतरच्या दशकांत गावोगाव हिंडून दप्तरे गोळा करण्याचे जे कार्य झाले आणि ज्याला १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाच्या रूपाने घर मिळाले, त्याकडे राष्ट्रकार्य म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु व्यवहाराच्या दृष्टीने पाहता ती रद्दीच्या विरुद्धची झुंज होती. या झुंजीत संशोधकांना वजनाऐवजी मजकुराला मोल आहे हे दप्तराच्या मालकांना पटवून द्यावे लागले, आणि मजकुराचे मोल पटले की कागद लपविले जात, ही दुसरी अडचण उभी राहत असे.

या सर्व व्यवहारांत 'लिलाव' थोडा वेगळा आहे. शब्द पोर्तुगीज, मूळ 'लेइलांव'. किनाऱ्यावरून तो देशावर आला आणि इतका रुळला की त्याचे परकेपण कोणास जाणवत नाही. लिलावात वस्तूला तिच्या रूपाने किंमत येऊ शकते, कारण तेथे तराजू नसून चढाओढ असते. परंतु चढाओढ करणारेच नसतील तर लिलाव मोडीपेक्षाही वाईट ठरतो. याचे जे उदाहरण मराठ्यांच्या इतिहासात आहे ते विसरण्यासारखे नाही. तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरमध्ये निपुत्रिक वारले. डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. आणि १८५४-५५ मध्ये राजवाड्यातील जंगम मालमत्ता विक्रीस निघाली. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीस विकले गेले; जडजवाहीर कलकत्त्यास पाठवून तेथे लिलावात काढले गेले. वृद्ध बाकाबाईंनी या जप्तीला कसून विरोध केला, त्याचा काही उपयोग झाला नाही. जॉन के यांनी १८५७ च्या उठावाचा इतिहास लिहिताना या विक्रीने नागपुरात राज्य खालसा होण्यापेक्षाही अधिक कडवटपणा निर्माण केला असा अभिप्राय दिला आहे. जनावरे अत्यल्प किमतीत गेली, ही गोष्ट लोकांच्या मनाला विशेष लागली. राज्य जाणे हे दैवाचे काम मानता येते. राजाचा हत्ती मातीमोलाने जाताना पाहणे ही वेगळीच गोष्ट आहे.

मुंबईचा चोरबाजार हा या विषयातील सर्वांत प्रसिद्ध आणि म्हणूनच सर्वांत जास्त दंतकथांनी वेढलेला भाग. भेंडी बाजाराच्या परिसरातील मटन स्ट्रीट आणि तिच्या आसपासच्या गल्ल्यांत जुने दिवे, घड्याळे, चिनी मातीची भांडी, लाकडी सामान, चित्रपटांची जुनी भित्तिपत्रके, यंत्रांचे सुटे भाग यांची दुकाने आहेत. शुक्रवारी पहाटे रस्त्यावर भरणारा बाजार हे तेथील वैशिष्ट्य. या बाजाराचे मूळ नाव 'शोर बाजार' होते आणि इंग्रजांच्या चुकीच्या उच्चारामुळे त्याचे 'चोर बाजार' झाले, असे सर्वत्र सांगितले जाते आणि मार्गदर्शिकांतून छापलेही जाते. ही व्युत्पत्ती ग्राह्य मानणे कठीण आहे. इंग्रजीत 'श' आणि 'च' हे दोन्ही ध्वनी आहेत. 'शोर' हा शब्द इंग्रज माणसाला जसाच्या तसा उच्चारता येतो, त्याला तो 'चोर' करण्याचे काही कारण नाही. मराठी भाषकाच्या बाबतीत तर हे अधिकच अशक्य, कारण मराठी 'चोर'मधील 'च' दन्त्य आहे. तो 'श'पासून आणखी दूर जातो. शिवाय इंग्रजांच्या उच्चारदोषामुळे स्थानिक रहिवाशांनी आपल्या बाजाराचे नाव बदलले असे मानावे लागते, तेही संभाव्य दिसत नाही. शेजारच्या भेंडी बाजाराचे नाव 'बिहाइंड द बझार' या इंग्रजी शब्दांवरून पडले अशी कथा आहे. भेंडीचे झाड समोर असता इंग्रजीपर्यंत जाण्याची ही हौस दोन्ही ठिकाणी सारखीच आहे. जुन्या मालाच्या बाजाराला चोरांचे नाव देणे ही गोष्ट मुंबईपुरती नाही. लिस्बन शहरात आजही भरणाऱ्या जुन्या वस्तूंच्या बाजाराचे नाव 'फैरा दा लाद्रा', म्हणजे शब्दशः 'चोरटीचा बाजार' असे आहे, आणि तेथेही ते नाव सोज्ज्वळ करून दाखविणाऱ्या व्युत्पत्ती प्रचलित आहेत. मालकी सिद्ध करणारा कागद ज्याच्याबरोबर येत नाही असा माल संशयास्पद वाटणे स्वाभाविक आहे. नावात नोंदला गेला आहे तो हा संशय.

व्हिक्टोरिया राणीचे हरवलेले व्हायोलिन चोरबाजारात सापडले ही दुसरी कथा. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानात कधी आलीच नव्हती, एवढे सांगितले की पुरे. मात्र ती कथा टिकून आहे याचा अर्थ लावता येतो. चोरबाजारात गेलेली वस्तू आपल्या मूळ मालकापाशी परत येऊ शकते, अशी कल्पना तिच्या मुळाशी आहे. मोडीच्या बाजाराविषयी अशी कथा संभवत नाही.

हाच भेद पुढे संग्राहकाच्या उदयाला कारण झाला. चोरबाजारात, किंवा पुण्यात मंगळवार पेठेकडे नदीच्या बाजूस रविवार-बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात, वस्तू अखंड राहते. तिला रूप असते. ज्याला ते रूप ओळखता येते त्याला ती भंगाराच्या ढिगातून उचलता येते. मराठी प्रदेशात ही ओळख ज्यांनी शास्त्र म्हणावे इतकी वाढविली ते दिनकर गंगाधर केळकर. १८९६ साली त्यांचा जन्म झाला. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. पुण्यात त्यांचे चष्म्याचे दुकान होते. १९२० च्या सुमारास सुरू झालेला त्यांचा संग्रह १९९० साली त्यांचे निधन होईपर्यंत वाढत राहिला. या कामात त्यांच्या पत्नी कमलाबाई यांची साथ होती. बालपणीच गेलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले, आणि १९७५ साली तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. बाजीराव रस्त्यानजीकच्या नातूबागेतील त्या वास्तूत वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत.

संख्येपेक्षा निवड महत्त्वाची आहे. त्या काळी संग्रह करावयाचा तो शस्त्रांचा, नाण्यांचा, मूर्तींचा किंवा चित्रांचा, असा समज होता. केळकरांनी अडकित्ते, पानपुडे, वजऱ्या, फण्या, दौती, लामणदिवे, समया, कुलुपे, सोरे, विळ्या या वस्तू तेवढ्याच आदराने गोळा केल्या. पाय घासण्याची वजरी ही घरातील अगदी हलकी वस्तू. पण तिच्या पाठीवर कारागिराने मोर, हत्ती, जोडपी घडविलेली असतात, आणि शंभर वजऱ्या एकत्र मांडल्याशिवाय ही एक स्वतंत्र कलाशाखा आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. एक वजरी मोडीत जाते. शंभर वजऱ्या हे साधन ठरते. कोथरूड येथील मस्तानी महालाचे अवशेष आणून त्यांनी संग्रहालयात त्याची पुन्हा उभारणी केली, हे काम डोळ्यांत भरते खरे. परंतु अभ्यासकाच्या दृष्टीने त्याहून मोलाचे काम या वजऱ्यांचे आणि अडकित्त्यांचे आहे. राजवाड्यांनी जे कागदासाठी केले ते केळकरांनी स्वयंपाकघरासाठी केले असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मात्र एक उणीव नमूद करणे आवश्यक आहे, आणि ती केवळ एका संग्रहालयाची नव्हे. जुन्या वस्तूंच्या संग्रहांत वस्तूचे नाव, सामान्य काळ आणि प्रदेश एवढी माहिती बहुधा मिळते. ती कोणत्या घरातून आली, त्या घरात तिला काय म्हणत, तिच्या भागांना काय म्हणत, हे क्वचितच मिळते. विकणाराला वस्तू देताना नाव सांगण्याची इच्छा नसते, घेणारा किंमत वाढू नये म्हणून प्रश्न विचारीत नाही. जुना माल स्वस्तात घेण्याच्या कलेचा पहिला नियम आपली आवड उघड न करणे हा आहे. आणि त्या एका नियमाने बोलीभाषेतील अनेक शब्दांची नोंद होऊ दिलेली नाही.

वाड्यांच्या बाबतीत हे विशेष जाणवते. वाडा पाडला की त्याचे लाकूड विकले जाते. सुरूदार खांब, केळफुले कोरलेले हस्त, महिरपी, तुळया, दिंडी दरवाजे हे सारे आता हौशी मंडळींच्या शेतघरांत आणि उपाहारगृहांत गेलेले दिसते. घंगाळात कमळे फुलतात, बंबाचा दिवा होतो, दरवाजाचे मेज होते. याला नवे जीवन म्हणतात, आणि जाळण्यापेक्षा वा वितळविण्यापेक्षा ते निश्चितच बरे. परंतु खांब तळखड्यावरून निघाला की तो किती खणांच्या कोणत्या सोप्यात होता हे कळण्याचा मार्ग बंद होतो. १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी अधिनियम ५ एप्रिल १९७६ पासून अंमलात आला; शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना आणि विशेष महत्त्वाच्या पंचाहत्तर वर्षांहून जुन्या हस्तलिखितांना त्याने संरक्षण दिले, परदेशी नेण्यास बंदी घातली, विक्रेत्यांना परवाना आवश्यक केला. तथापि नोंदणीची सक्ती शिल्पे, चित्रे, सचित्र हस्तलिखिते अशा ठरावीक वर्गांपुरतीच आहे. घंगाळ कितीही जुने असले तरी ते मुशीत घालताना कोणी विचारीत नाही.

नवे जीवन देण्याच्या नावाखाली काय चालते याचे उदाहरण ग्रामोफोनचे आहे. पितळी कर्णा, लाकडी पेटी आणि नामांकित कंपनीची पट्टी असलेली जी यंत्रे जुनी म्हणून विकली जातात, त्यांतील कित्येक एखाद्या साध्या यंत्राचा गाभा घेऊन त्याला नवा कर्णा जोडून बनविलेली असतात. त्याच दुकानाच्या कोपऱ्यात पडलेल्या लाखेच्या ध्वनिमुद्रिका मात्र अस्सल असतात आणि स्वस्त असतात. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये सुरू झाले. भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये वारले, म्हणून त्यांचा आवाज आपणांस कधीच ऐकावयास मिळणार नाही. त्यानंतरच्या गायक-नटांचे आवाज आज ऐकता येतात त्याचे बरेचसे श्रेय अशा दुकानांतून तबकड्या वेचणाऱ्या संग्राहकांना आहे. संगीताच्या इतिहासकारांनी त्यांचा उपयोग केला आहे; मराठी उच्चारांच्या इतिहासासाठी तो अजून व्हावयाचा आहे.

शेवटी पुन्हा भांड्यांकडे वळले पाहिजे, कारण सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित साधन तेथे आहे. मराठी घरांत भांड्यावर नाव घालण्याची चाल सार्वत्रिक आहे. लहान छिन्नीने ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेल्या या मजकुरात देणाऱ्याचे किंवा घेणाऱ्याचे नाव, कुलनाव, गाव, तारीख किंवा तिथी, आणि लग्न, मुंज, बारसे असे निमित्त यांपैकी काही ना काही असते. हे कोरीव लेखच होत. ताम्रपट आणि शिलालेख यांत राजांची व दानशूरांची नावे येतात. तपेल्यावर येते ती सासरी गेलेल्या मुलीचे, तिला आंदण देणाऱ्या मामाचे, क्वचित विधवा आत्याचे नाव. दप्तरांत ज्या स्त्रिया कोठेही दिसत नाहीत त्या येथे नावाने, आणि कित्येकदा तारखेसह, भेटतात. संबोधनांची संक्षिप्त रूपे कशी बदलत गेली, 'बाई' जाऊन 'ताई' केव्हा आली, कुलनावाचे लेखन कसे स्थिर झाले, शके जाऊन इसवी सन कोणत्या दशकात रूढ झाला, या प्रश्नांची उत्तरे देणारा असा कालांकित संचय दुसरा नाही.

मोडीच्या दुकानात या लेखाचे वजन होत नाही. संसारासाठी जुने भांडे शोधणाऱ्यालाही तो नको असतो, कारण दुसऱ्याच्या नावाचे भांडे वापरणे संकोचाचे वाटते. आणि जो ते हौसेने घेऊन त्याला नवे रूप देऊ पाहतो, तो प्रथम ते चकाकी आणण्यासाठी यंत्रावर घासून घेतो. ठिपक्यांची खोली फार नसते. दोन-तीन वेळा घासले की अक्षरे जातात, आणि घंगाळ नव्यासारखे दिसू लागते. पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारांत, आणि तालुक्याच्या गावी तांबटांच्या दुकानांतून, असे ढीग अजून उभे आहेत. कागद, शाई आणि एक मऊ पेन्सिल एवढ्या साहित्यावर त्यांचे ठसे घेता येतात; दुकानदाराची परवानगी लागते, आणि ती भांडे वितळण्यापूर्वी मागावी लागते.